साडेचारशे शब्दांची रुजवात

पुण्यात शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात मी २२ वर्षं काम करते आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वकिलांच्या नोटिसा, जुन्या दस्तांच्या नकला, जे समोर येईल ते. टायपिंगच्या दोन्ही परीक्षा लग्नाआधीच दिल्या होत्या, मराठी ३० आणि इंग्रजी ४०. म्हणजे मिनिटाला तितके शब्द. इंग्रजी मी रोज टाइप करते, एखाद्या दिवशी २५-३० पानं होतात. स्पेलिंग बोटांना पाठ आहेत. पण पान संपल्यावर कुणी विचारलं की बाई, यात काय लिहिलंय, तर मला धड सांगता यायचं नाही. शब्द डोळ्यांतून सरळ बोटांत उतरायचे, मधे डोक्यात थांबायचेच नाहीत. ‘नॉटविथस्टँडिंग’ हा लांबलचक शब्द मी हजारो वेळा बिनचूक टाइप केला असेल. त्याचा अर्थ ‘काहीही असले तरी’ असा आहे, हे मला यंदाच्या जुलैत कळलं, माझ्या मुलीबरोबर अभ्यासाला बसल्यावर.

लेक यंदा बारावी आर्ट्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आठवीपासून सेमी, म्हणजे गणित आणि विज्ञान तेवढं इंग्रजीतून. तिला वकील व्हायचंय. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत ती दुकानात माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसायची. लोक कागद पुढे करून ‘सही कुठं करू’ एवढंच विचारतात आणि न वाचता सही करून जातात, हे तिने इतक्यांदा पाहिलंय की ते तिच्या मनात बसलं. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉला राज्याची सीईटी आहे. ती मराठीतूनही देता येते आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. ती परीक्षा ती देणारच आहे. पण राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅटही तिला द्यायची आहे. अशी तीन विद्यापीठं आपल्या राज्यातच आहेत, मुंबईला, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला. क्लॅटला मात्र इंग्रजीशिवाय गत्यंतर नाही.

२०२० पासून क्लॅटचं रूपच बदललं. आता जवळजवळ सगळा पेपर उताऱ्यांवर असतो. १२० प्रश्न, १२० मिनिटं. बरोबर उत्तराला १ गुण आणि चुकलेल्याला पाव गुण वजा. इंग्रजीचे प्रश्न त्यात २२ ते २६, पण कायद्याचे, चालू घडामोडींचे आणि तर्काचे प्रश्नही आधी इंग्रजी उतारा वाचूनच सोडवायचे. इंग्रजीचा एक उतारा साधारण ४५० शब्दांचा. परीक्षा घेणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय की बारावीच्या विद्यार्थ्याला तो ५ ते ७ मिनिटांत वाचता यावा अशा पातळीचा असतो. आता आपण हिशोब करू. प्रश्नाला एक मिनिट धरलं आणि एका उताऱ्यावर सहा प्रश्न आले, तर वाचन आणि उत्तरं मिळून सहा मिनिटं. जी वाचायलाच सात घेईल तिने उत्तरं कधी द्यायची?

जूनच्या पहिल्या रविवारी तिने माझ्यासमोर पहिला उतारा वाचला. मी मोबाइलवर वेळ लावली होती. नऊ मिनिटं लागली. मला सवयीने वेगाचाच हिशोब सुचतो. ४५० शब्द, ९ मिनिटं, म्हणजे मिनिटाला ५०. तोच उतारा मी ४०च्या वेगाने टाइप केला असता तर ११ मिनिटं लागली असती. म्हणजे माझी मुलगी वाचत होती ती माझ्या टायपिंगपेक्षा जेमतेम पुढे. आणि नऊ मिनिटं वाचूनही सहापैकी दोनच उत्तरं बरोबर आली. तिने वही मिटली आणि म्हणाली, “आई, मला सगळे शब्द कळतात गं. पण एकत्र काय म्हणतायत ते कळत नाही.”

हे वाक्य मी विसरलेले नाही. पुढे आम्ही जे काही केलं ते त्या वाक्याचं उत्तर शोधायलाच केलं.

आधी एका क्लासला घातलं होतं. फी हप्त्यांनी भरली. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी मराठी माध्यमाच्या मुलांना वेगळं बसवलं आणि १५०० शब्दांची यादी हातात दिली, रोज ३० पाठ करा म्हणून. सहा आठवडे ती ते पाठ करत होती. बसमध्ये, जेवताना, झोपताना. पाठही झाले. उताऱ्यांतले गुण तिथल्या तिथेच. दुसरं त्यांनी सांगितलं की उतारा वाचूच नका, आधी प्रश्न वाचा आणि उत्तर असलेली ओळ शोधून काढा. तेही तिने केलं. तारीख, नाव, आकडा विचारला असेल तर ते जमतं. पण क्लॅटमध्ये तसे प्रश्न फारसे नसतातच. लेखकाचा मुख्य मुद्दा काय, यावरून काय निष्कर्ष निघतो, या दोन मतांत फरक काय, हा शब्द इथे कुठल्या अर्थाने आलाय, असं विचारतात. त्याचं उत्तर एका ओळीत सापडत नाही. मला सरांचा राग पैशांसाठी आला नाही. मराठीत वाचून समजून घ्यायची जी सवय पोरीला दहा-बारा वर्षांत लागली होती ती त्यांनी मोजलीच नाही, याचा आला. ती काही रिकामी गेली नव्हती तिथे.

क्लास सोडल्यावर आम्ही दोघींनी एक वही केली, २०० पानी. डाव्या पानावर ‘मला काय वाटलं’ आणि उजव्या पानावर ‘खरं काय लिहिलं होतं, कोणत्या ओळीत’. चुकलेला प्रत्येक प्रश्न त्यात जायचा. तीन आठवड्यांत ४० चुका जमल्या. एका रविवारी चहा घेत आम्ही त्या मोजल्या. शब्दाचा अर्थ माहीत नव्हता म्हणून चुकलेले प्रश्न होते फक्त सात. बाकीचे ३३ दुसऱ्याच कारणांनी गेले होते. कुणाचं म्हणणं कुणाच्या तोंडी घातलं, वाक्य चुकीच्या जागी तोडलं, किंवा स्वतःच्या मनातलं उताऱ्यात मिसळलं. १५०० शब्दांची यादी त्या ३३ प्रश्नांना कुठेच पुरी पडणार नव्हती.

त्यातला एक उतारा सांगते, कारण तो चुकला नसता तर आम्ही बहुतेक अजून याद्याच पाठ करत असतो.

उतारा होता संग्रहालयांतल्या परदेशी वस्तूंवर. अथेन्सच्या पार्थेनॉनची शिल्पं १९व्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड एल्गिनने काढून नेली, १८१६ साली ब्रिटिश सरकारने ती त्याच्याकडून विकत घेतली, आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि ग्रीस ती परत मागतो, असं सुरुवातीला होतं. मग संग्रहालयांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं, की वस्तू तिथे राहिल्या म्हणून टिकल्या, जगभरातले लोक त्या पाहू शकतात. मग परत मागणाऱ्यांचं म्हणणं. आणि शेवटच्या परिच्छेदात लेखकाचं. लेखकाचा मुख्य मुद्दा विचारला होता. लेकीने उत्तर दिलं, ‘सर्व वस्तू मूळ देशांना कायमच्या परत कराव्यात’.

चूक. मी विचारलं, हे कुठे लिहिलंय दाखव. ती शोधत राहिली. लिहिलेलंच नव्हतं. मग तिच्याच लक्षात आलं. माझं माहेर साताऱ्याचं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४च्या जुलैत साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा मामाने भाचरांना पाहायला नेलं होतं. ती तीन वर्षांसाठीच आली आहेत हे कळल्यावर ही मुलगी परत येताना रस्ताभर बोलत होती, की आपल्याकडच्या वस्तू आपल्यालाच उसन्या का. उतारा वाचताना तिने लेखकाचं वाचलंच नाही, स्वतःचं वाचलं. लेखक शेवटी म्हणत होता की मालकीचा वाद मिटायचा तेव्हा मिटो, आधी प्रत्येक वस्तू संग्रहालयाकडे कशी आली याची नोंद सगळ्यांना पाहता येईल अशी खुली करा.

“पण मला ते पटत नाही,” ती म्हणाली. मी म्हटलं, न पटू दे. तुझं मत कुणी विचारलेलं नाही, त्याचं काय आहे ते विचारलंय. तुझं मत तुझ्यापाशी राहू दे, ते चांगलं आहे. फक्त त्याच्या तोंडी घालू नको.

तेव्हा मला आमच्या कामातली गोष्ट आठवली. कोर्टात दावा येतो तेव्हा त्यात वादीने लिहिलेलं सगळं हे वादीचं म्हणणं असतं. प्रतिवादीचं कैफियतीत. आणि निकालपत्रात न्यायाधीश आधी दोघांचं म्हणणं मांडतात आणि मग स्वतःचा निष्कर्ष देतात. नवीन मुलगी टायपिंगला आली की निकालपत्राची पहिली पाच पानं वाचून ‘हा माणूस जिंकला’ असं सांगते, कारण तिथे त्याचीच बाजू मांडलेली असते. उताऱ्याचंही तेच. मराठीत आपल्याकडे ‘म्हणे’ हा शब्द आहे. ‘तो आजारी आहे’ आणि ‘तो आजारी आहे म्हणे’ यातला फरक पाच वर्षांच्या पोराला कळतो. ‘म्हणे’ म्हटलं की बोलणाऱ्याने आपली जबाबदारी काढून घेतली. इंग्रजी लेखात हा ‘म्हणे’ परिच्छेदाच्या सुरुवातीला एकदाच येतो, ‘सम स्कॉलर्स आर्ग्यू’ असा, आणि पुढची चार वाक्यं त्याच्याशिवाय चालतात. वाचणाऱ्याला वाटतं हे लेखकच सांगतोय. तर आम्ही ठरवलं, ज्या ज्या वाक्याला मराठीत ‘म्हणे’ लागेल त्याच्या समासात पेन्सिलीने छोटा ‘म’ काढायचा. आणि जिथे ‘बट’, ‘येट’, ‘हाउएव्हर’ येईल तिथे एक आडवी रेघ, कारण बहुधा तिथेच ‘म्हणे’ संपतं आणि लेखक स्वतः बोलायला लागतो. पंधरा दिवसांत तिच्या कागदांचे समास ‘म’नी भरले. मग हळूहळू पेन्सिल लागेनाशी झाली.

आता रुजवातीचं. कोर्टातून किंवा तहसीलमधून मिळालेल्या नकलेच्या तळाशी तुम्ही कधी पाहिलं असेल, नक्कल करणार, रुजवात घेणार, तपासणार अशा सह्या असतात. रुजवात म्हणजे मूळ कागदाशी नक्कल ताडून पाहणं. दोघं लागतात. एक जण मूळ कागद मोठ्याने वाचतो, दुसरा नकलेवर बोट ठेवून पुढे सरकतो. दुकानात आम्ही हे रोज करतो. आणि मला अनुभवाने माहीत आहे की मोठ्याने वाचणाऱ्याला मजकूर कळला नसेल तर तो भलत्याच जागी श्वास घेतो.

म्हणून रात्री साडेनऊला, भांडी आवरल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही उताऱ्याची रुजवात सुरू केली. ती मोठ्याने वाचणार, माझ्याकडे त्याच उताऱ्याची झेरॉक्स. जिथे तिचा आवाज थांबेल तिथे मी पेन्सिलीने उभी रेघ मारायची. काही बोलायचं नाही. शेवटी दोघींनी रेघा पाहायच्या.

दुसऱ्याच दिवशी एक वाक्य आलं, ‘द फार्मर्स हू हॅड सोल्ड देअर लँड टू द कंपनी रिग्रेटेड इट’. ती ‘लँड’पाशी थांबली आणि पुढचं एका दमात वाचून गेली, ‘टू द कंपनी रिग्रेटेड इट’. मी विचारलं, पश्चात्ताप कुणाला झाला? ती म्हणाली, कंपनीला. मी माझी झेरॉक्स तिच्यासमोर ठेवली आणि रेघ दाखवली. ती दोन-तीन सेकंद नुसती बघत राहिली. मग म्हणाली, “अगं, शेतकऱ्यांना!” आणि पुन्हा वाचलं, या वेळी ‘कंपनी’नंतर थांबून. आवाजातला तो फरक मला अजून ऐकू येतो.

मग मी तिला तेच मराठीत सांगायला लावलं. ‘ज्या शेतकऱ्यांनी आपली जमीन कंपनीला विकली होती त्यांना पश्चात्ताप झाला.’ बघा, आपल्याकडे ‘ज्या’ला ‘त्यांना’ची जोड आहे. एक टोक उघडलं की दुसरं कुठे बंद होतं ते शब्दच सांगतो. शिवाय आपलं क्रियापद शेवटी, त्यामुळे आपण वाक्य संपेपर्यंत धीर धरून बसतो. इंग्रजीत ‘हू’ उघडतं आणि कुठे बंद झालं हे कुणी सांगत नाही, ते आपणच ओळखायचं. त्यामुळे लांब वाक्य आलं की आम्ही दोनच गोष्टी आधी शोधायला लागलो. कोण, आणि काय केलं. मधलं सगळं नंतर. कधी कधी या दोघांच्या मधे १५-१५ शब्द असतात. ते दोन सापडले की उरलेलं वाक्य आपोआप जागच्या जागी बसतं.

परीक्षेत मोठ्याने वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. मोठ्याने वाचण्याने वेगही कमी होतो. आम्ही हे महिनाभरच केलं, चूक कुठे होते ते कळेपर्यंत. नंतर मनात. पण ज्या कुणाला ‘सगळे शब्द कळतात, एकत्र कळत नाही’ असं होत असेल, त्यांनी घरातल्या कुणाला तरी समोर बसवून हे करून पाहावं. समोरच्याला इंग्रजी येत नसलं तरी चालतं. थांबलेला आवाज ऐकू आला म्हणजे झालं.

त्या महिन्यात छोट्या शब्दांनी आम्हाला जितकं अडवलं तितकं मोठ्या शब्दांनी अडवलं नाही. ‘हार्डली’ला ती ‘कष्टाने’ समजायची, तो आहे ‘क्वचितच, जवळजवळ नाहीच’. ‘फ्यू’ म्हणजे फारसे नाहीत, ‘अ फ्यू’ म्हणजे थोडेफार आहेत, एका ‘अ’ने सगळं पालटतं. ‘फार फ्रॉम’ला ती ‘लांब अंतरावर’ समजली होती. मी म्हटलं, आपण नाही का म्हणत, मदत करणं तर दूरच, साधा फोनही उचलला नाही? तेच ते ‘तर दूरच’. ती खूश झाली. ज्याला मराठीत तयार जोडीदार मिळाला तो शब्द ती पुन्हा कधी विसरली नाही. आणि ‘अनलेस’ तर माझ्याच भाडेकरारांत दर वेळी असतो, ‘अनलेस टर्मिनेटेड अर्लियर’, मुदतीआधी संपवला नाही तर. मी तिला जुने करार दाखवले, नावं झाकून.

शब्दांच्या बाबतीत माझं काम तिच्या उपयोगी पडलं याचा मला मनापासून आनंद आहे. क्लॅटमध्ये शब्दाचा अर्थ विचारतात तो त्या जागेवरचा. आणि दस्तांत तर ओळखीचे शब्द वेगळ्याच अर्थाने राहतात. खरेदीखतातलं ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार नव्हे, मोबदला. भूसंपादनातलं ‘अवॉर्ड’ म्हणजे पुरस्कार नव्हे, निवाडा. दाव्याच्या शेवटी ‘प्रेयर’ येतं ती प्रार्थना नसते, कोर्टाकडे केलेली मागणी असते. ‘रिलीफ’ म्हणजे दाद. समन्सची ‘सर्व्हिस’ म्हणजे बजावणी. ‘सँक्शन्ड प्लॅन’ म्हणजे मंजूर नकाशा, आणि तोच ‘सँक्शन’ बातमीत एका देशाने दुसऱ्यावर लादलेले निर्बंध म्हणून येतो. एकच शब्द, एकीकडे मंजुरी आणि दुसरीकडे बंदी! हे कळल्यापासून तिने यादी पाठ करणं सोडलं. शब्द आला की त्याच्या मागचं एक वाक्य आणि पुढचं एक वाक्य वाचायचं आणि मगच पर्यायांकडे बघायचं.

पर्यायांबद्दल एक सांगते. चार पर्यायांतले तीन चुकीचे कसे बनवतात हे कळावं म्हणून आम्ही दर रविवारी उलटं करायचो. मराठी वर्तमानपत्रातला अग्रलेख घ्यायचा आणि लेकीने त्याच्यावर मराठीतच प्रश्न काढायचा, एक बरोबर पर्याय आणि तीन चुकीचे. चुकीचे असे काढायचे की मी फसले पाहिजे. पहिल्यांदा तिला ते जमेना. मग जमायला लागलं. एक पर्याय ती असा करायची की जगात तो खरा आहे, पण अग्रलेखात कुठे नाही. दुसऱ्यात ‘काही’च्या जागी ‘सर्व’ घालायची. तिसऱ्यात अर्धं वाक्य बरोबर आणि शेपूट चुकीचं. दोनदा मी खरोखर फसले. त्यानंतरच्या इंग्रजी उताऱ्यात ती पर्याय वाचता वाचता पुटपुटली, “हा ‘सर्व’वाला आहे.” मराठीत केलेला हा अभ्यास इंग्रजीच्या पेपरला थेट लागू पडतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मराठी माध्यमाच्या पालकांना मला कळकळीने सांगावंसं वाटतं की परीक्षा इंग्रजीची आहे म्हणून घरातलं मराठी वाचन बंद करू नका.

वाचायला साहित्य कुठून आणायचं हा प्रश्न पडला होता. आम्ही धनकवडीत राहतो. खालच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, त्यांच्याकडे इंग्रजी पेपर येतो. आठवड्याची रद्दी ते आता आम्हाला देतात. मी संपादकीय पानं कापून ठेवते, अप्पा बळवंत चौकातून जुने सरावसंचही आणले. सकाळी बसने स्वारगेट आणि तिथून कोर्टाच्या स्टेशनपर्यंत मेट्रो. मेट्रो २०२४च्या सप्टेंबरअखेर स्वारगेटपर्यंत आली आणि माझा सकाळचा वेळ वाचला. मधे दोनच स्टेशनं, मंडई आणि कसबा पेठ. तेवढ्यात एक कात्रण पूर्ण होत नाही, पण अर्धं होतं. उरलेलं येताना. रात्री लेकीला सांगायचं की यात कोण काय म्हणालं. मीही वाचते म्हटल्यावर तिला जोर येतो, आणि खरं सांगायचं तर मलाही आता वाचल्याशिवाय करमत नाही.

आज तिचा वेग साडेतीन मिनिटांना एक उतारा इथवर आलाय, म्हणजे मिनिटाला १३० च्या आसपास. गेल्या पाच सरावांत २४ प्रश्नांपैकी १५ ते १८ बरोबर येतात. पाव गुणाची वजावट धरून पावणेतेरा ते साडेसोळा हाती लागतात. कायद्याच्या उताऱ्यांत अजून वेळ जातो. साहित्यिक उतारा आला, एखाद्या कथेतला, की ती अजून चाचपडते, कारण तिथे कुणी मुद्दा मांडत नाही, माणसं नुसती वागत असतात. परीक्षा डिसेंबरात. काय होईल ते होईल.

गेल्या बुधवारी तिच्या कॉलेजला सुट्टी होती म्हणून दुकानात आली होती. दुपारी एक आजी आल्या, पेठेतल्या वाड्यात भाड्याने राहणाऱ्या. हातात वकिलाची इंग्रजी नोटीस, चार पानं. नातवाने सांगितलं होतं की कोर्टाने खोली खाली करायला सांगितलीय. आजींना ती मराठीत करून हवी होती. हात थरथरत होते, पाणी दिलं तर ग्लास धरवेना. माझ्यासमोर एक काम अर्धं होतं, म्हणून मी कागद लेकीकडे दिला आणि म्हटलं, नुसतं वाचून सांग, टाइप मी नंतर करते.

तिने पेन्सिल घेतली. पहिली ओळ वाचली आणि समासात ‘म’ काढला. “आजी, सुरुवातीलाच लिहिलंय, माझ्या अशिलाच्या सूचनेवरून. म्हणजे हे तुमच्या मालकांचं म्हणणं आहे, वकिलाने लिहिलेलं.” मग एकेक परिच्छेद. भाडं थकलंय असं त्यांचं म्हणणं आहे. वाडा पडायला आलाय असं त्यांचं म्हणणं आहे. आजी मधेच म्हणाल्या, भाडं मी दर महिन्याला देते, पावत्या आहेत माझ्याकडे. लेक म्हणाली, त्या जपून ठेवा, आणि पुढे वाचत राहिली. शेवटच्या पानावर ती थांबली. तिथे होतं की १५ दिवसांत खोली रिकामी करून द्यावी, ‘फेलिंग व्हिच’ माझा अशील कोर्टात दाद मागेल. तिने ती ओळ दोनदा मनात वाचली. मी टायपिंग थांबवलं होतं.

“आजी,” ती म्हणाली, “तसं केलं नाही तर ते कोर्टात जाणार, असं लिहिलंय. जाणार. म्हणजे अजून गेलेलेच नाहीत. कोर्टाने काहीच सांगितलेलं नाही.”

नोटिशीला उत्तर द्यायला मी त्यांना आमच्या वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंकडे पाठवणार होते, नाव आणि वेळ चिठ्ठीवर लिहूनही दिली. आजींनी चिठ्ठी कनवटीला लावली, पण उठल्या नाहीत. नोटीस परत लेकीपुढे सरकवली आणि म्हणाल्या, “ते शेवटचं तेवढं परत एकदा वाच गं बाळा. ते कोर्टात गेलेले नाहीत, ते.”

तिने बोट ठेवून परत वाचलं.